पहिले भांडवल : फेब्रुवारीतल्या मराठवाड्यात

वेरूळ-अजिंठ्याची लेणी पाहून, जमल्यास औंढा नागनाथ आणि तुळजापूरचे दर्शन घेऊन बाहेरचा माणूस मराठवाड्यातून परततो. येथल्या बाजारपेठेत, आडतीवर (शेतमाल विकून देणाऱ्या दलालाच्या पेढीवर) किंवा भट्टीपाशी तो सहसा थांबत नाही. या फेब्रुवारीत मी आणि माझे मामेभाऊ, ज्यांना घरात सगळेच दादा म्हणतात, पैठणपासून बीडपर्यंत हिंडलो ते लहान धंदे पाहण्यासाठी. दादांची उभी हयात एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात गेली आहे. त्यामुळे जेथे जाऊ तेथे त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : धंदा सुरू केला तेव्हा पहिला पैसा कोणी दिला, आणि तो किती दिवसांत परत करायचा होता? उत्तरे ऐकता ऐकता माझी खात्री पटत गेली की, मराठवाड्यात कोण कोणता धंदा करतो आणि तो कुठवर वाढवतो, हे अंगच्या हुशारीपेक्षा या दोन गोष्टींवर अधिक ठरते.

सोमवार : पैठण

छत्रपती संभाजीनगरहून सकाळी लवकर निघालो. हवेत गारवा होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्यावरून पुढे सरकून कडक होऊ लागली होती. पैठणला पोहोचल्यावर नाथांच्या वाड्यात दर्शन घेतले आणि एका विणकर कुटुंबाच्या घरी गेलो.

मागावर साडीचा पदर चढलेला होता. ताई आणि त्यांची जाऊ शेजारी शेजारी बसून विणत होत्या. ताण्याच्या धाग्यांत रंगीत रेशमाच्या डझनावारी तिल्ल्या लोंबत होत्या आणि मोराच्या पिसाऱ्यातला एकेक रंग बदलताना ताई त्यातली नेमकी तिल्ली उचलून, चार धाग्यांखालून काढून, शेजारच्या रंगात अडकवून पुन्हा सोडून देत होत्या. हाताने विणलेल्या अस्सल पैठणीची उलटी बाजूही सुलट बाजूसारखीच स्वच्छ दिसते, ती या अडकवण्यामुळे. आम्ही तासभर बसलो तेवढ्या वेळात पदर बोटाच्या पेराएवढाही पुढे सरकला नव्हता.

दादांनी आपला प्रश्न विचारला. “माग आमचा, पण त्यावरचं रेशीम शेठचं,” ताई म्हणाल्या. “स्वतःचं रेशीम आणून विणलं तर साडी विकली जाईस्तोवर घरात शिजवायचं काय?” रेशीम बंगळूरहून येते, जर सुरतेहून, दोन्हीचे पैसे रोख मोजावे लागतात आणि नक्षी भारी असेल तर एका साडीला कित्येक महिने लागतात. एवढे दिवस पैसा अडकवून ठेवण्याची ऐपत ज्याच्याकडे आहे तो व्यापारी, आणि ज्याच्याकडे नाही तो मजुरीवर विणणारा. कौशल्य विणणाऱ्याच्या हातात असते, पण साडीची किंमत ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे नावाला संरक्षण मिळाले. रेशमाच्या उधारीचा प्रश्न मात्र होता तसाच राहिला.

हे गाव व्यापाराला नवखे नाही. पहिल्या शतकातील ग्रीक व्यापाऱ्यांच्या लेखनात पैठण आणि धाराशिव जिल्ह्यातले तेर या दोन्ही पेठांचा उल्लेख आहे; येथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे. आज पैठणीचे अधिक माग आणि दुकाने नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात आहेत. येवले मनमाड-अहिल्यानगर रस्त्यावर आहे आणि शिर्डी तेथून जवळ आहे, म्हणून गिऱ्हाईक आपल्या पायांनी दुकानात येते. पैठणला मुद्दाम यावे लागते.

जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की, साडी घ्यायची नसली तरी राज्य शासनाच्या महामंडळाचे पैठणी केंद्र पाहून यावे. विणणाऱ्यांच्या घरी मात्र सकाळी जावे, कारण उजेड चांगला असतो तेव्हाच बारीक काम चालते. हिवाळ्याच्या अखेरीपर्यंत जायकवाडीच्या नाथसागरावर स्थलांतरित पक्षी असतात. संध्याकाळ तेथे काढावी.

मंगळवार : जालना

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण येथल्या रिक्षावाल्यापासून सराफापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. शहरात शिरताना लोखंडाच्या सळ्यांनी भरलेले ट्रक समोरून येऊ लागतात. जवळपास लोहखनिज नाही, कोळसा नाही, बंदर तर शेकडो किलोमीटर दूर. तरीही भंगार वितळवून त्याच्या सळ्या करणारे कारखाने या गावात एकापाशी एक उभे राहिले. याचे उत्तर आम्हांला जुन्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मिळाले. येथे धान्य, सरकी आणि कापसाचा व्यापार करणाऱ्या मारवाडी-गुजराती पेढ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या होत्या. एका घराण्याने भट्टी टाकली की तिच्यात दुसऱ्याचे पैसे असत, तिसऱ्याचे भंगार असे आणि चौथा सळ्या उधारीवर उचलत असे. बँक या गोतावळ्यात नंतर आली.

बियाण्यांची कथा थोडी वेगळी आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको ही कंपनी येथेच सुरू केली आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या धंद्याला शेतकरी लागतो, आणि तोही सांगितल्याप्रमाणे पीक वेगळे ठेवणारा व परागीकरण हाताने करणारा. त्यामुळे जालना आणि शेजारच्या देऊळगाव राजा भागात भाजीपाल्याचे बियाणे पिकवणारी शेकडो लहान शेडनेट उभी राहिली. एका शेडनेटमध्ये आम्ही मिरचीच्या फुलांवर काम करणाऱ्या बायका पाहिल्या. कळी चिमटीत धरून तिच्यातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा आणि खूण म्हणून दोरा बांधायचा. शेडनेटचे मालक दोघे भाऊ होते. कंपनी बियाणे देते, माल घेण्याची हमी देते, पैसे मात्र उगवणचाचणी झाल्यावरच हाती पडतात. “तवर मजुरी कुठून देता?” असे दादांनी विचारले, तेव्हा थोरल्याने धाकट्याकडे पाहिले आणि “सासऱ्याकडून,” असे मोकळेपणाने सांगितले.

कारखाना आतून पाहायचा असेल तर ओळखीच्या माणसाकरवी आधी परवानगी घ्यावी. ऐनवेळी गेल्यास कोणी आत सोडत नाही आणि भट्टीपाशी ते धोक्याचेही आहे. गाडी नसल्यास मुंबईहून रेल्वेने किंवा समृद्धी महामार्गाने जालन्याला सहज पोहोचता येते.

बुधवार : परभणीमार्गे वसमत

परभणीत न्याहारीला सुशीला खाल्ला. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा, मिरची आणि शेंगदाण्यांची फोडणी एवढाच हा पदार्थ. पण हातगाडीवरच्या मावशींनी वरून डाळव्याचे कूट आणि लिंबू घालून दिला, तो चवीला अप्रतिम होता. मावशींना पहिला पैसा बचत गटाने दिला होता, आणि फेड आठवड्याला होती. “रोजचा धंदा हाय, रोज पैसा येतो, म्हनून फेडू शकले,” असे त्या म्हणाल्या.

वसमतच्या शिवारात शिरताच हळदीचा वास येऊ लागला. हळद काढून, शिजवून, वाळवून आणि ढोलात घोळून बाजारात न्यावी लागते. ओल्या हळदीचे वजन वाळल्यावर साधारण पाचव्या हिश्शावर येते. लागवडीपासून विक्रीपर्यंत जवळजवळ वर्ष जाते, आणि वाळवणीच्या काळात अवकाळी पाऊस पडला तर रंग जातो आणि रंगाबरोबर भावही.

या लांब वाटेवर एक नवा धंदा उभा राहिला आहे. ट्रॅक्टरमागे वाफेवर चालणारा कुकर घेऊन फिरणारी तरुण मुले हंगामात गावोगाव हळद शिजवून देतात. आम्ही भेटलो तो मुलगा पदवीधर होता आणि आधी पुण्यात एका कंपनीत कंत्राटी कामाला होता. चुलीत पऱ्हाट्या सारता सारता, वाफेच्या ढगात उभा राहून तो बोलत होता. हाताची नखे, शर्टाची बाही, मोबाइलची काच, सगळे पिवळे झाले होते. ट्रॅक्टर वडिलांच्या सातबाऱ्यावर कर्ज काढून घेतला होता आणि कुकरसाठी बहिणीच्या लग्नाकरता ठेवलेले पैसे वापरले होते. तो शिजवण्याचे पैसे जागेवर रोख घेतो, उधारी करत नाही. “हळदीचा भाव काय निघंल ते मला बघायचंच नाही, शिजवायला तर समद्यांनाच लागतंय,” असे तो म्हणाला. दादांना हा मुलगा फार आवडला. पिकाच्या जोखमीतून बाहेर राहून त्या पिकावरच पोट भरण्याची ही युक्ती कोरडवाहू भागातल्या माणसालाच सुचू शकते, असे मलाही वाटले. पण त्याच्यामागे वडिलांची जमीन होती, हेही विसरता येत नाही. शिवारात त्याच्याबरोबर काम करणाऱ्या भूमिहीन मित्राकडे त्याच्याइतकेच शिक्षण होते आणि तो मजुरीवर होता.

वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पूर्वी येथला माल सांगलीला जाई. आता हिंगोली आणि वसमत येथेच मोठे सौदे होतात. हळद विकत घ्यायची असल्यास मार्चच्या अखेरीस यावे, फेब्रुवारीत ती वाळवणीवरच असते.

गुरुवार : नांदेड

नांदेडला फक्त मुक्काम केला. सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरमध्ये जेवलो. देशभरातून येणाऱ्या यात्रेकरूंमुळे या शहरात लॉज, कपडे, किरपाणी आणि वाहतुकीचे धंदे बारमाही चालतात. पावसाने दगा दिला तरी गिऱ्हाईक तुटत नाही, असे भाग्य मराठवाड्यात तुळजापूरसारख्या मोजक्याच गावांना लाभले आहे. एके काळी शहराचा आधार असलेली उस्मानशाही मिल बंद पडली, त्याला आता बराच काळ लोटला.

शुक्रवार, शनिवार : लातूर आणि किल्लारी

लातूरच्या गंजगोलाईत सकाळी पोहोचलो तेव्हा दुकानांची फळकुटे उघडत होती. 1917 मध्ये, निजामाच्या काळात, वसवलेल्या या गोल बाजाराला 16 रस्ते येऊन मिळतात आणि प्रत्येक रस्त्याचा माल वेगळा आहे. मध्यभागी देवीचे मंदिर आहे. हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948 रोजी भारतात विलीन झाले आणि मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आला, तरी येथली व्यापारी नाती हैदराबाद आणि सोलापूरशी बांधलेलीच राहिली. लिंगायत, कोमटी आणि मारवाडी पेढ्यांच्या पाट्या आजही शेजारी शेजारी दिसतात.

बाजार समितीत तुरीची आवक जोरात होती. आडत हा मराठवाड्यातला खरा कर्जविभाग आहे, असे दादा म्हणाले, आणि ते बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाने म्हणावे याचे मला विशेष वाटले. पेरणीला खत-बियाण्याचे पैसे आडत्या देतो, लग्नाला देतो, दवाखान्यालाही देतो. बदल्यात माल त्याच्याच दुकानी घालायचा. एका वयस्क शेतकऱ्याने सांगितले, “ब्यांकंत गेलं की कागद मागतेत, आडतीवर नुसतं गाव अन् नाव इचारतेत.”

नाव विचारून पैसे देण्याच्या या पद्धतीत खूप माणुसकी आहे आणि तितकीच अडचणही आहे, कारण नावात जात येते. ज्याच्या आजोबांचे आडतीवर कधी खातेच नव्हते, त्याला नातवंड म्हणून उधारी कशी मिळणार? दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री ही संघटना 2005 मध्ये स्थापन करणारे मिलिंद कांबळे याच जिल्ह्यातल्या चोबळी गावचे. परंतु त्यांचा व्यवसाय आणि संघटना दोन्ही पुण्यात उभ्या राहिल्या. शहरात गावकी आणि भावकी थोडी सैल होते, हे त्यामागचे कारण मला नाकारता येत नाही. 2016 मध्ये सुरू झालेल्या स्टँड-अप इंडिया योजनेत अनुसूचित जाती-जमातींच्या आणि महिला उद्योजकांना 10 लाख ते 1 कोटी रुपयांपर्यंतचे कर्ज देण्याची तरतूद झाली. दादांचे म्हणणे असे की, खाणावळीसारख्या धंद्यात कर्ज मिळूनही भागत नाही. गावाने दलित मालकाच्या हातचे जेवले पाहिजे.

दुपारी एका गाड्यावर निलंगा राईस खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी किल्लारीकडे निघालो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात या परिसरात सुमारे दहा हजार माणसे गेली आणि 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. नव्या गावांत रस्ते रुंद आणि सरळ आहेत, घरे लांब लांब आहेत. जुन्या गावात वेशीजवळच्या पारावर न्हावी, शिंपी, चहावाला आणि किराणा सगळे हाकेच्या अंतरावर असत. नव्या गावात शिंप्याचे दुकान एका टोकाला आणि किराणा दुसऱ्या टोकाला गेला, असे एका शिंपीकाकांनी हातवारे करून दाखवले. गाव वसवताना घरांचा हिशेब झाला, धंद्यांचा झाला नाही, ही त्यांची तक्रार मला अगदी रास्त वाटली.

याच उद्ध्वस्त भागात एक वेगळी सुरुवातही झाली. घरांच्या दुरुस्तीच्या शासकीय कार्यक्रमात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून पुढे आणले. सिमेंट किती आले, पैसे कुठे अडले, हे विचारायला ज्या बायका प्रथमच कचेरीत गेल्या, त्यांतूनच पुढे बचत गट, लहान व्यवसाय आणि एक एकरावर घरापुरते अन्न पिकवण्याचा प्रयोग उभा राहिला. आम्हांला भेटलेल्या एका आजी आज शेवया आणि पापडाचे काम करतात. त्यांना पहिले भांडवल गटातल्या बाकीच्या बायकांनी दिले, कारण दुसरे कोणी देणारे नव्हते.

रविवार : भूम आणि कुंथलगिरी

बालाघाटच्या डोंगररांगेत आलो तसा वारा कोरडा झाला. धाराशिव जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आहे. भूम तालुक्यातली जमीन हलकी आणि पाऊस बेभरवशाचा. म्हणून दारात गाय किंवा म्हैस नाही असे घर विरळा. दूध नासते आणि शहरे दूर आहेत, त्यामुळे येथे गावोगाव खव्याच्या भट्ट्या झाल्या. कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र. तेथला पेढा यात्रेकरूंनी दूरवर पोहोचवला.

पहाटे साडेपाचला भट्टीवर गेलो. रांगेने मांडलेल्या लोखंडी कढयांत दूध उकळत होते आणि एक बाई एका वेळी दोन कढया सांभाळत, लांब दांड्याच्या खुरप्याने तळ खरवडत होती. हात एक क्षण थांबला तर दूध लागते आणि खव्याला करपट वास येतो. दूध आटत आले तशी तिने खुरप्याची लय वाढवली, कडेची साय आत ओढली, आणि पाहता पाहता कढईत पांढराशुभ्र, रवाळ गोळा फिरू लागला. पाच-सहा लिटर दुधाचा जेमतेम किलोभर खवा होतो. धुराने आमचे डोळे चुरचुरत होते. ती बाई मात्र शांत होती.

भट्टीमालकांना दादांनी नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा ते म्हणाले की, त्यांना पहिला पैसा दूधवाल्यांनीच दिला. आज दूध घालायचे आणि पैसे आठवड्याच्या बाजारादिवशी न्यायचे. तोवर खवा पुण्याला किंवा हैदराबादला पोहोचून त्याची रक्कम आलेली असते. परभणीच्या मावशी सोडल्या तर सबंध प्रवासात परतफेडीची इतकी आखूड फेरी आम्हांला दुसरीकडे दिसली नाही, आणि म्हणूनच या धंद्यात जमीन नसलेलीही माणसे मालक झालेली दिसली. धोका आहे तो दुष्काळात. चारा संपला की जनावरे छावणीत किंवा बाजारात जातात आणि भट्ट्या विझतात. गेल्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीने उलटाच मार दिला. नदीकाठच्या गोठ्यांतली जनावरे वाहून गेली आणि कित्येक भट्ट्यांचे दूध एका रात्रीत तुटले.

खवा घ्यायचा असल्यास पहाटेच जावे, सोबत बर्फाचा डबा न्यावा आणि दुसऱ्या दिवसाच्या आत वापरावा.

सोमवार : बीडकडचे एक गाव

शेवटचा मुक्काम दादांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या गावी होता. गावात शिरलो तेव्हा निम्म्या घरांना कुलपे होती. दिवाळीच्या आगेमागे माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळा लागल्यावरच परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम, म्हणजे तोडणीचा कंत्राटदार, त्या कोयत्याला हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि ती अंगमेहनतीने फेडायची असते. घरी उरलेल्या म्हाताऱ्यांनी आम्हांला भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसर आमटी वाढली.

गावातल्या किराणा दुकानाची खतावणी आम्ही पाहिली. दुकान सासू-सून चालवतात. जूनपासून पाने उधारीने भरत जातात : साखर, चहापत्ती, वह्या, गोडेतेल. उचल मिळाली की एकाच आठवड्यात पानेच्या पाने आडव्या रेघेने बंद होतात. त्यानंतर हिवाळाभर खतावणीत जवळजवळ काही नसते, कारण गिऱ्हाईकच गावात नसते. म्हणजे या दुकानाचे गिऱ्हाईकही उचलीवर आहे आणि म्हणून दुकानही उचलीवर आहे. साखर कारखान्याचा हंगाम लांबला तर येथे शेल्फ रिकामे राहते.

बीडला रेल्वे यावी ही मागणी कित्येक पिढ्यांची. 17 सप्टेंबर 2025 रोजी अहिल्यानगर-बीड गाडी सुरू झाली, आणि परळीपर्यंतचे काम अजून चालू आहे. दुकानातल्या सासूबाईंना रेल्वेपेक्षा बारमाही गिऱ्हाइकाची काळजी होती. सुनेने त्यावर उपाय शोधला होता. शेवयांचे आणि मिरची-मसाला कांडण्याचे यंत्र घ्यायचे, कारण गावात उरलेल्या म्हाताऱ्यांनाही ते लागते आणि आजूबाजूच्या तीन वाड्यांत असे यंत्र नाही. जमीन सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यामुळे तारण द्यायला तिच्याकडे काही नव्हते, आणि तेवढ्यावरूनच तिने विचार सोडून दिला होता.

दादांनी जेवण झाल्यावर कंदिलाएवढ्या उजेडात तिची वही मागून घेतली आणि तपशील लिहून दिला. मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50 हजारांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर मोफत होते, तिच्यासाठी कोणालाही पैसे द्यायचे नाहीत. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के अनुदान आहे, पण ते कर्जाला जोडून मिळते, म्हणून तो अर्ज कृषी कार्यालयाकडे वेगळा करावा लागेल. सगळी कागदपत्रे सासऱ्यांच्या नावाने न करता तिच्या स्वतःच्या नावाने करायची, यावर दादा अडून बसले, आणि थोड्या वेळाने सासूबाईंनीही मान डोलावली. आता यंत्राच्या दरपत्रकाचा कागद तेवढा उरला आहे. तो ती गुरुवारी बीडच्या दुकानातून आणणार आहे, आणि बँकेत जाताना काही अडले तर फोन करावा म्हणून दादांनी आपला नंबर खतावणीच्या पहिल्या पानावर लिहून दिला आहे.